घिमट्याने फरके टाकले

‘काल घिमट्याने लुबडीत तीन फरके टाकले.’ घिमट्याने काय टाकले? फरके. कुठे? लुबडीत. किती? तीन. पैकीच्या पैकी गुण, आणि वाक्याला अर्थ काडीचाही नाही. ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ हे बरीच मुलं असंच सोडवतात: प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या शेजारचा वहीत उतरवायचा. मूल घडाघडा वाचतं, उत्तरं बरोबर येतात, घरचे निर्धास्त होतात. पुढे गणितातली शाब्दिक उदाहरणं अडू लागली की ‘वाचन कच्चं आहे’ म्हणून उताऱ्यांचं आणखी एक पुस्तक विकत आणलं जातं. म्हणजे आणखी फरके.

आता हे पाहा. ‘आजीने गच्चीवर कुरडया घातल्या. दुपारी आभाळ भरून आलं. मावशी धावतच जिना चढली.’ मावशी का धावली, हे कुठेच लिहिलेलं नाही. घरचं वाळवण पाहिलेलं मूल ते आपसूक ओळखतं. कुरडई फक्त तळून ताटात आलेली पाहणारं मूल तीच वाक्यं तितक्याच सफाईने वाचतं आणि ‘का?’ म्हटलं की गप्प होतं. 1988 मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेत सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाच्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्यांच्या पुढे गेली. 64 मुलं म्हणजे फार नव्हेत, आणि खेळही एकच. तरी घरासाठी त्यातला इशारा पुरेसा आहे. विरजण का लागतं, पासबुकात जमा कुठे नि नावे कुठे, अशा गप्पा म्हणजे वाचनाचीच तयारी. गोष्ट वाचताना मधेच थांबून ‘पुढे काय होईल?’ विचारावं, आणि उत्तर आलं की ‘कशावरून?’ असं विचारावं. या दुसऱ्या प्रश्नानंतर मोठ्यांनी गप्प बसणं सगळ्यात अवघड. बहुतेक घरांत उत्तरही मोठेच देऊन टाकतात.

अक्षरंच धड जुळत नसतील तर गप्पांनी काय होणार, हा आक्षेप रास्त आहे. गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये वाचनाचं सूत्र मांडलं ते गुणाकाराचं: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. एक शून्य, तर सगळंच शून्य. जोडाक्षरांशी झगडणाऱ्या मुलाचं सगळं बळ तिथेच खर्ची पडतं. त्याचा सराव चालू ठेवावा, पण गोष्ट आपण वाचून दाखवावी. आईवडील निरक्षर असतील तर? ‘कशावरून?’ विचारायला अक्षरओळख लागत नाही. उलट शिकलेल्या पालकाला उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्याचा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. न वाचलेल्या आईला गोष्ट खरोखरच माहीत नसते, म्हणून तिला ती कळेल अशी सांगावी लागते. इंग्रजी माध्यमातल्या मुलाशी मराठीत बोललं तर गोंधळ उडेल, ही भीती मात्र अनाठायी. पाऊस कसा पडतो हे घरी मराठीत समजलेल्या मुलाला इंग्रजी धड्यात नवे असतात ते फक्त शब्द.