शस्त्रक्रियेनंतरचा हात : नांदेड-लातूर भागातील स्तनकर्करोग शुश्रूषेचा मागोवा

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेचा नांदेड आणि लातूर जिल्ह्यांपुरता मागोवा घेताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की, या भागातील स्त्रीची शस्त्रक्रिया एका गावी आणि तिची पुढची शुश्रूषा दुसऱ्याच गावी, अशी विभागणी दीर्घकाळ चालत आली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले तेव्हा हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता; १९६० मध्ये तो महाराष्ट्रात आला, तरी गाठीचे निदान झालेल्या स्त्रीला मुंबईतील परळचे हे रुग्णालय गाठावे लागे किंवा नांदेडकडून जवळ पडणारे हैदराबाद. टाके निघाले की ती गावी परते, आणि ज्या महिन्यांत खांदा आखडतो, हात सुजू लागतो आणि मनाची घालमेल वाढते, नेमके तेच महिने जाणकार परिचारिकेच्या नजरेआड जात.

हे अंतर टप्प्याटप्प्याने घटले. लातूरला १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय उभे राहिले, लातूरकरांच्या आवाक्यातील बार्शीत १९८२ मध्ये नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाची सुरुवात झाली, आणि नांदेडला १९८८, तर लातूरला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. खर्चाचा अडसर मात्र बराच काळ कायम होता. २ जुलै २०१२ रोजी उपचारांचा खर्च उचलणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत लागू झाली, त्यांत नांदेड होते, आणि लातूरसह उर्वरित जिल्हे पुढच्या वर्षी तिच्या कक्षेत आले.

दरम्यान शस्त्रक्रियाही बदलली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शल्यविशारद हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढले जात. पुढे स्नायू राखून स्तन आणि काखेतील लसिकाग्रंथी काढण्याची, आणि निवडक रुग्णांत केवळ गाठ काढून स्तन वाचवण्याची पद्धत आली. जखम लहान झाली, रुग्णालयातला मुक्काम आखूड झाला, आणि पूर्वी वॉर्डात होणारी बरीचशी शुश्रूषा घरच्यांवर आली. हा बदल या मागोव्यातील सर्वांत महत्त्वाचा मानावा लागतो, कारण त्याने परिचारिकेला शिक्षिकेची भूमिका दिली, मात्र त्यासाठी वेगळा वेळ दिला नाही.

ही शिकवणी नळीपासून सुरू होते. काखेत साचणारा स्राव बाहेर यावा म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी एक नळी बसवतात आणि तिच्या टोकाला हवा दाबून काढलेला डबा जोडतात. त्यातील स्राव दर २४ तासांनी ठरावीक वेळी मोजायचा, तो लालसरवरून पिवळसर होतो आहे का हे पाहायचे, आणि नळीत गुठळी अडकली तर ती बोटांनी हलकेच डब्याकडे सरकवायची. दिवसाचा स्राव साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आला की नळी काढण्याचा विचार होतो. अनेक स्त्रिया नळीसह घरी जातात, त्यामुळे सून, मुलगी किंवा नवरा यांनी सुट्टीपूर्वी परिचारिकेसमोर एकदा स्वतःच्या हाताने डबा रिकामा करून दाखवणे अगत्याचे असते. नुसते तोंडी सांगणे पुरत नाही.

त्यानंतर येतो हात. काखेतील लसिकाग्रंथी काढल्या किंवा तेथे किरणोपचार झाले की ऊतींमधील द्रव वाहून नेणारा मार्ग तोकडा पडतो आणि हात सुजू शकतो. ही लसिका-सूज कधी महिन्यांनी, तर कधी वर्षांनी दिसते. पहिल्या दिवसापासून मूठ उघडणे-मिटणे आणि कोपर हलवणे, नळी निघेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपर्यंतच उचलणे, मग बोटांनी भिंत चढणे, असा व्यायामाचा क्रम असतो. या भागात त्याला शेतीची जोड द्यावी लागते, कारण कापूस वेचताना सुकलेल्या बोंडाची टोके बोटांना ओरखडे काढतात आणि अशा ओरखड्यातून शिरलेला जंतुसंसर्ग सूज वाढवतो. त्या बाजूच्या मनगटातील घट्ट काचेच्या बांगड्या काढायला सांगतानाही परिचारिकेला सासू आणि नवरा यांना जवळ बसवून कारण समजवावे लागते, कारण रिकाम्या मनगटाचा अर्थ गावात वेगळाच लावला जातो.

ओझ्याविषयीचा सल्ला मात्र बदलला आहे. पूर्वी त्या हाताने कधीच जड उचलू नये असे बजावले जाई. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, लसिका-सूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने ती सूज वाढली नाही असे दिसले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात हा फरक फार मोलाचा आहे, कारण जिथे पाणी वाहून आणल्याशिवाय घर चालत नाही तिथे ‘हंडा उचलू नका’ हा सल्ला पाळला जाणे अवघड, तर ‘आधी कळशी अर्धी भरा, हात जड वाटला की थांबा’ हा सल्ला पाळण्याजोगा.

मनाच्या शुश्रूषेकडे सर्वांत कमी लक्ष गेले. ब्रिटनमध्ये मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले होते की, केवळ समुपदेशनाने नैराश्य टळले नाही, पण स्त्रीची नियमित विचारपूस करणाऱ्या परिचारिकेला ते वेळीच ओळखता आले आणि योग्य उपचारांकडे वळवता आले. नांदेड-लातूरच्या परिचारिकांना हे सर्वांत सहज साधण्यासारखे आहे, कारण रसायनोपचारासाठी तीच स्त्री ठरावीक अंतराने पुन्हा समोर येते. त्याच भेटीत टेपने दोन्ही हातांचा घेर ठरावीक जागी मोजावा आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या मापाशी ताडून पाहावा. साधारण दोन सेंटिमीटरचा फरक दखलपात्र समजला जातो. हे पूर्वीचे माप सुट्टीच्या कार्डावर लिहिलेले असेल, तर उपकेंद्रातील परिचारिकेलाही गावातच सूज ओळखून स्त्रीला वेळेवर परत पाठवता येईल.