ब्लूफील्ड्सची पवनचक्की आणि तिच्या पाहणीला येणारे निधीदाते

निकाराग्वाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील ब्लूफील्ड्स या बंदराला राजधानी मानाग्वाशी जोडणारा पक्का रस्ता अगदी अलीकडे झाला; त्यापूर्वी तेथे लहान विमानाने तरी जावे लागे, नाहीतर एल रामा गावापर्यंत मोटारीने आणि तेथून पुढे एस्कोंदिदो नदीतून ‘पांगा’ नावाच्या उघड्या यांत्रिक होडीने. क्रिओल, मिस्कितो, रामा, गरिफुना आणि मेस्तिसो अशा निरनिराळ्या समाजांच्या या प्रदेशात खाजणांच्या काठी वसलेल्या कित्येक वस्त्यांपर्यंत विजेची तार पोहोचलेली नव्हती. माथियास आणि गियोम क्रेग या भावांनी स्थापन केलेली ‘ब्लूएनर्जी’ ही छोटी ना-नफा संस्था 2004च्या सुमारास येथे कामाला लागली. त्यांच्या आई, भाषाशास्त्रज्ञ कोलेत ग्रिनेवाल्ड, यांनी 1980च्या दशकापासून नामशेष होत चाललेल्या रामा भाषेवर याच भागात संशोधन केले होते, त्यामुळे या किनाऱ्याशी कुटुंबाचे नाते संस्थेपेक्षा जुने होते.

वीजनिर्मितीसाठी संस्थेने निवडलेली पवनचक्की स्कॉटलंडमधील स्कोराइग येथे राहणाऱ्या ह्यू पिगट यांच्या आराखड्यावरची होती. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची क्षमता शेकडो किलोवॅटमध्ये मोजली जाते. त्यांच्या तुलनेत ही चक्की जेमतेम एक किलोवॅटची. तिची तीन पाती लाकडातून हाताने तासली जातात. जनित्राचे दोन पोलादी चक्रे आणि त्यांच्यामधील एक जाड चकती असे तीन भाग असतात: चक्रांवर निओडिमियमचे कायमचुंबक बसवलेले असतात, तर तांब्याच्या तारेची वेटोळी राळेत ओतून घट्ट केलेली चकती स्थिर राहते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी चक्रे फिरली की वेटोळ्यांत वीज निर्माण होते. हे चुंबक इतके जबर असतात की दोन चक्रे जवळ आणताना हाताचा भरवसा धरता येत नाही, बोट मध्ये सापडले तर चिरडते. म्हणून लांब आट्यांच्या बोल्टांवर ती चक्रे एकेक फेरा देत खाली उतरवावी लागतात. वादळी वारा सुटला की तिरक्या बिजागरीवर बसवलेली शेपटी वर उचलली जाते आणि चक्कीचे तोंड वाऱ्यापासून बाजूला वळते. हे सारे स्थानिक कार्यशाळेत, स्थानिक हातांनी करता येते, हे या आराखड्याचे खरे बळ होते.

संस्थेचा खर्च देणग्या, अनुदाने आणि परदेशांतून येणाऱ्या स्वयंसेवकांच्या आधारावर चालत असल्याने निधी देऊ इच्छिणाऱ्यांचे आतिथ्य हाही कामाचाच एक भाग ठरत असे. लहान संस्थेला हे आतिथ्य जड जाते, कारण पाहुण्यांसोबत होडी, इंधन आणि मुख्य म्हणजे दुरुस्ती जाणणारा तंत्रज्ञ गुंतून पडतो, आणि तेवढे दिवस एखाद्या वस्तीतील बंद पडलेली यंत्रणा तशीच राहते. शिवाय जमीन सामुदायिक मालकीची असते; 2003च्या 445 क्रमांकाच्या कायद्याने त्या मालकीला मान्यता दिली आहे, तेव्हा परक्या पाहुण्यांना वस्तीत नेण्यापूर्वी तेथील पुढाऱ्यांची संमती घेणे हे सौजन्य तर आहेच, पण तो त्यांचा अधिकारही आहे.

निधीदात्याची नजर साहजिकच उंच मनोऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांकडे जाते. खरे तर त्याला सर्वांत आधी न्यावे ते वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांच्या खोलीत. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. खाऱ्या, दमट हवेने जोडण्या गंजतात, विजा पडून नियंत्रक जळतात, आणि वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर लाकडी पातीही कुजतात. देणगीतून यंत्र उभे करणे सोपे आहे, पण तीन-चार वर्षांनी नवी बॅटरी कोणाच्या पैशातून घ्यायची, याची तरतूद ‘प्रकल्प-निधी’त, म्हणजे ठरावीक मुदतीच्या आणि ठरावीक कामापुरत्या पैशात, बहुधा नसते. देखभालीची नोंदवही उघडून दाखवणारी संस्था पाहुण्याला त्याच्या पैशाचे पुढे काय होणार, हे सांगत असते. कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा ती वही अधिक मोलाची आहे.

वाऱ्याच्या बाबतीतही असाच स्पष्टपणा आवश्यक होता. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग निम्मा झाला तर ऊर्जा एक अष्टमांश उरते. झाडांच्या दाटीत वारा मंदावतो आणि घोटाळतो, त्यामुळे अंदाजात थोडी चूक झाली तरी विजेचे गणित कोसळते. त्यातच 2008नंतरच्या काही वर्षांत सौर पटलांच्या किमती वेगाने उतरल्या. संस्थेशी संबंधित अभ्यासकांनी निकाराग्वातील लहान पवनचक्क्यांचा हिशेब मांडला, तेव्हा बहुतेक ठिकाणी सौर यंत्रणाच सरस ठरत असल्याचे दिसले, आणि हा निष्कर्ष त्यांनी लपवला नाही. ज्या यंत्रामुळे संस्थेची ओळख झाली त्याच्याविरुद्ध जाणारा पुरावा प्रसिद्ध करायला मोठे धैर्य लागते, आणि निधीदात्याने भरवसा ठेवायचा तो अशाच धैर्यावर.

याच किनाऱ्यावरील ओरिनोको आणि मार्शल पॉइंट या, डिझेल जनित्रावर चालणाऱ्या गावांविषयी ख्रिश्चन कासियास आणि डॅनियल कॅमेन या अभ्यासकांनी 2010 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले. घरोघर मीटर बसताच विजेचा वापर 28 टक्क्यांनी घटला, असे त्यांनी नोंदवले. वापर घटल्यामुळे तेवढ्याच डिझेलवर जनित्र अधिक वेळ चालवणे शक्य होते. भिंतीवरच्या मीटरचे छायाचित्र घ्यावे असे कोणाला वाटत नाही, त्यामुळे अशा कामासाठी पैसा मिळवणे कठीणच जाते. ब्लूएनर्जीचे पुढचे कामही अशाच, नजरेत न भरणाऱ्या वळणाने गेले: सौर यंत्रणांच्या जोडीला विहिरी, शौचालये आणि जैव-वाळू गाळण्या आल्या. जैव-वाळू गाळणी म्हणजे वाळूने भरलेले उभे पात्र, ज्यात वरच्या थरात सूक्ष्मजीवांचा पापुद्रा वाढतो आणि पाणी झिरपताना त्यातील बहुतेक रोगजंतू अडकतात. हा पापुद्रा तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे नव्याने बसवलेली गाळणी पाहणीच्या दिवशी पाहुण्यांना आपला गुण दाखवू शकत नाही.