नव्या वाहनाचे पहिले ऑइल : किलोमीटर की मुदत?

दसऱ्याला आणि दिवाळी पाडव्याला पाथर्डीच्या व्यापारी घरांतून नवी वाहने येतात. स्वस्तिक रेखाटले जाते, चातुर्मासानिमित्त स्थानकात विराजमान असलेल्या साधू-साध्वींकडून मांगलिक श्रवण होते आणि दुसऱ्याच दिवशी वाहन दुकानाच्या कामाला लागते. त्याचे पहिले ऑइल कधी बदलावे, हा प्रश्न मात्र मुहूर्ताइतक्या आस्थेने विचारला जात नाही.

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासत घासत नीट बसतात. या घर्षणातून सुटलेले धातूचे सूक्ष्म कण ऑइलमध्ये मिसळतात. मोटारसायकलीत बहुधा तेच ऑइल गिअर व क्लचलाही वंगण पुरवते आणि त्याचे प्रमाण जेमतेम एक लिटर असते. म्हणून दुचाकींच्या पहिल्या सर्व्हिसिंगला, साधारणतः ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान, ऑइल बदलले जाते. मोटारींत ऑइल अधिक असते आणि फिल्टरही असतो. त्यामुळे आजच्या अनेक मोटारींची १००० किलोमीटरला केवळ तपासणी होते. ऑइल १०,००० किलोमीटर किंवा एक वर्षानंतर बदलतात. वडीलधाऱ्यांचा ‘हजाराला ऑइल बदला’ हा आग्रह जुन्या मोटारींच्या अनुभवातून आलेला आहे. प्रत्येक वाहनाबाबत अंतिम शब्द त्याच्यासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेचाच.

पुस्तिकेत किलोमीटर आणि मुदत असे दोन आकडे असतात. त्यांपैकी जे आधी भरेल ते पाळायचे. व्यापारी कुटुंबाची गफलत नेमकी येथेच होते. माल आणणारी पिकअप पाथर्डीहून नगरला जाऊन आली की सुमारे १०० किलोमीटर होतात. दहा खेपांत हजार भरतात. घर, दुकान व स्थानक एवढ्यातच फिरणाऱ्या स्कूटरचा आकडा मात्र हलत नाही आणि मुदत नकळत उलटते. पहिली सर्व्हिसिंग चुकली, तर पुढे वॉरंटीचा दावा करताना अडचण येऊ शकते. उधारीची तारीख वहीत टिपणाऱ्या व्यापाऱ्याने ही तारीखही खरेदीच्या दिवशीच टिपावी, आणि सर्व्हिसिंगची पावती जपून ठेवावी.

पहिले हजार किलोमीटर संयमाचे असावेत. करंजी घाट चढताना पूर्ण भार लादणे, किंवा सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने इंजिन पळवणे टाळावे.

काढलेल्या ऑइलचाही विचार हवा. गटारीत वा मातीत ओतलेले जळके ऑइल पाणी दूषित करते आणि असंख्य सूक्ष्म जीवांचा घात करते. टाकाऊ वस्तू जीवरहित जागी, यतनापूर्वक परठावी, ही पाचव्या समितीची शिकवण साधूंसाठी असली, तरी श्रावकालाही तिच्यातून विवेक घेता येतो. २०१६च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा ठरतो. म्हणून ते अधिकृत सर्व्हिस केंद्रातच बदलून घ्यावे, आणि जुने ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी जाते का, हे तेथे अवश्य विचारावे.