पेठांतून पायी

सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दूरचे गाव, आगगाडीचा प्रवास आणि शिदोरीची गाठोडी उभी राहतात. परंतु सहलीसाठी दूरच जावे लागते असे नाही. शनिवारची दुपार किंवा रविवारची सकाळ मोकळी असावी आणि पायांत चालण्याचे बळ असावे. जुने शहर पाहण्यास एवढे पुरे होते. मुलांनो, आज आपण पुण्याच्या जुन्या पेठांतून अशीच एक फेरी मारू. वाट जेमतेम दोन-तीन किलोमीटरांची आहे.

सकाळी लवकर निघावे. त्या वेळी ऊन कोवळे असते आणि रस्त्यांवर वर्दळही कमी असते. आरंभ कसबा पेठेतून करावा. कारण ही पुण्यातील फार जुनी वस्ती होय. येथील गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत. जवळच लाल महाल आहे. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानावर छापा घातला, तो याच ठिकाणी. मूळ महाल मात्र काळाच्या ओघात नाहीसा झाला. आज दिसते ती इमारत विसाव्या शतकात बांधलेली आहे. जागा जुनी, पण इमारत नवी, हा भेद पाहणाऱ्याने ध्यानात ठेवला पाहिजे.

तेथून काही पावलांवर शनिवारवाडा लागतो. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी १७३० साली त्याचा पाया घातला आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. उत्तरेकडील दिल्ली दरवाजासमोर क्षणभर उभे राहा. दाराच्या फळ्यांवर लोखंडाचे लांब, अणकुचीदार खिळे दिसतील. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ही योजना होती. आत गेल्यावर मात्र महाल दिसत नाहीत. दिसतात ती दगडी जोती. याचे कारण असे की, वाड्याच्या वरच्या भागात लाकूडकाम फार होते. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत ते जळून गेले. दगडाचे तेवढे मागे राहिले.

वाड्याच्या आवारात कारंजी आहेत. येथे एक प्रश्न मनात यावयास हवा : अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी, यंत्रे नसताना, या कारंज्यांना पाणी कोठून येत होते? ते येत होते शहराच्या दक्षिणेस असलेल्या कात्रजहून. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी तेथे ओढ्यावर बांध घालून तलाव केला आणि जमिनीखालून नळ बांधून ते पाणी पुण्यात आणले. कात्रज उंचावर आणि शहर सखल भागात. त्यामुळे पाणी आपल्याच ओघाने वाहत येई. नळाच्या वाटेवर मधून मधून उभे चौकोनी उच्छ्वास बांधलेले होते. हे पाणी वाड्याप्रमाणेच पेठांतील सार्वजनिक हौदांतही खेळविले होते. काळा हौद, सदाशिव हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजूनही ऐकू येतात.

आता दक्षिणेकडे वळू. वाटेत पेठांच्या नावांकडे लक्ष द्यावे. सोमवारपासून रविवारपर्यंत आठवड्याच्या प्रत्येक वाराची एक पेठ आहे. सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ, तर रास्ते सरदारांच्या नावाची रास्ता पेठ. बुधवार पेठेत भिडे यांचा वाडा होता. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी तेथे मुलींसाठी शाळा काढली. मुलींनी शिकणे हेच तेव्हा अनेकांना पाप वाटे. तो जुना वाडा २०२३ साली पाडण्यात आला. वाडा गेला, तरी येथे काय घडले हे ठाऊक असणारा माणूस त्या जागेपुढे आदराने उभा राहतोच.

पुढे मंडई लागते. आठ कोनांचा उंच मनोरा मध्यभागी आणि भोवती भाजीचे गाळे, अशी ही इमारत १८८६ साली पुरी झाली. पुढे तिला महात्मा फुले यांचेच नाव देण्यात आले.

आपली फेरी संपते ती महात्मा फुले यांच्या वाड्यात. अंगणात त्यांची साधी समाधी आहे. येथे पुन्हा पाण्याची आठवण येते. कात्रजचे पाणी डोंगर उतरून गावात आले खरे. पण गावातील पाणवठे सर्वांना खुले नव्हते. अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या माणसांना हौदाला हात लावण्याची बंदी होती. भर उन्हात तहानेने व्याकूळ झालेल्यालाही कोणी वर पाणी ओतील तेव्हाच ते मिळे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद या सर्वांसाठी खुला केला. कोसांवरून पाणी आणण्यास कुशल कारागीर लागले. पण घरच्या हौदाचे दार उघडण्यास त्याहून निराळे धैर्य लागले. दोन्ही कामे या एकाच शहरात झाली आणि दोन्ही आपल्याला ठाऊक असली पाहिजेत.

अशा फेरीला निघताना जवळ एक लहान वही ठेवावी. पाटीवरील अक्षरे, इमारतीचे साल, दगडावरील कोरीव काम टिपून घ्यावे. कट्ट्यावर बसलेल्या एखाद्या आजोबांना नम्रपणे विचारावे, "येथे पूर्वी काय होते?" मात्र कोणाच्या वाड्यात विचारल्यावाचून शिरू नये आणि जुन्या भिंतीवर आपले नाव खरडू नये.

वाई, पैठण, पंढरपूर किंवा तुमचे स्वतःचे गाव, कोठेही अशी फेरी मारता येईल. गावात पहिल्याने पाणी कोठून आले आणि ते कोणाकोणाला मिळाले, एवढे दोनच प्रश्न मनात धरून चालू लागा. येत्या रविवारीच आरंभ करण्यास काय हरकत आहे?