कमी प्राधान्याची डेटा-वाहतूक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सॉफ्टवेअरचे अपडेट, छायाचित्रांचा बॅकअप, टोरंटवरील फाइलींची देवाणघेवाण अशी बरीचशी वाहतूक घाईची नसते. ती तासाभराने उशिरा पुरी झाली तरी कोणाचे अडत नाही, मात्र त्याच जोडणीवर चाललेला व्हिडिओ कॉल अर्ध्या सेकंदाच्या विलंबानेही विस्कळीत होतो. बिनघाईच्या वाहतुकीने केवळ उरलेली क्षमता वापरावी आणि घाईच्या वाहतुकीला वाट द्यावी, या हेतूने ‘लेडबॅट’ ही गर्दी-नियंत्रणाची, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग जाळ्यातील गर्दीनुसार ठरवण्याची, पद्धत तयार झाली. बिटटोरंटमध्ये वापरात आलेली ही पद्धत इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने डिसेंबर २०१२ मध्ये ‘आरएफसी ६८१७’ या दस्तऐवजाद्वारे प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध केली.

गैरसमज : कमी प्राधान्य म्हणजे कमी वेग.

वस्तुस्थिती : वेगावर कायमची मर्यादा घातली, तर जोडणी रिकामी असतानाही डेटा रेंगाळतच जातो. लेडबॅटमध्ये अशी ठरीव मर्यादा नसते. दुसरी वाहतूक नसेल तेव्हा ती जवळपास सगळी क्षमता वापरते आणि दुसरी वाहतूक सुरू झाली की आपला वेग कमी करते.

गैरसमज : पॅकेटे हरवत नाहीत, तोवर जाळ्यात गर्दी नाही.

वस्तुस्थिती : डेटाचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेटे, पुढे जाण्यापूर्वी राउटर किंवा मोडेमच्या तात्पुरत्या साठ्यात, म्हणजे बफरमध्ये, रांगेत थांबतात. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या, टीसीपी या इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या नियमसंचाच्या गर्दी-नियंत्रणात पॅकेट हरवणे हीच गर्दीची खूण मानली गेल्यामुळे, बफर भरून वाहेपर्यंत पाठवणारा संगणक वेग वाढवत राहतो. अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट आणि बफर २५६ किलोबाइटचा असेल, तर भरलेल्या बफरमधून बाहेर पडायला पॅकेटला सुमारे २ सेकंद लागतात, आणि कॉलच्या पॅकेटांनाही त्याच रांगेत तिष्ठावे लागते. लेडबॅट पॅकेट हरवण्याची वाट पाहत नाही. आतापर्यंत आढळलेला सर्वांत कमी विलंब हा मार्गाचा मूळ विलंब आणि त्यावर वाढलेला विलंब म्हणजे रांग, असे ती मानते. ही वाढ ठरवलेल्या लक्ष्यापेक्षा, म्हणजे जास्तीत जास्त १०० मिलिसेकंदांपेक्षा, कमी असेल तर वेग वाढवते आणि अधिक झाली तर घटवते. पॅकेट हरवलेच, तर टीसीपीप्रमाणे तीही वेग निम्म्यावर आणते.

गैरसमज : यासाठी इंटरनेट पुरवठादाराने वेगळी सोय करावी लागते.

वस्तुस्थिती : पॅकेटावर कमी प्राधान्याची खूण करण्याची स्वतंत्र पद्धत आहे आणि २०१९ च्या ‘आरएफसी ८६२२’ मध्ये ती नमूद आहे, परंतु वाटेतील राउटरांनी ती खूण मानली, तरच तिचा उपयोग होतो. लेडबॅटचे सारे काम दोन टोकांच्या संगणकांवर चालते : घेणारा संगणक विलंब मोजून कळवतो आणि पाठवणारा त्यानुसार वेग ठरवतो.

गैरसमज : एका दिशेचा विलंब मोजायचा, तर दोन्ही संगणकांची घड्याळे जुळलेली हवीत.

वस्तुस्थिती : घेणाऱ्याचे घड्याळ ३ सेकंद पुढे असेल आणि मार्गाचा खरा विलंब ४० मिलिसेकंद असेल, तर मोजमाप ३,०४० येते, रांग वाढल्यावर ते ३,११० झाले, तर फरक ७० मिलिसेकंदांचाच निघतो, कारण घड्याळातली तफावत वजाबाकीत नाहीशी होते. घड्याळे हळूहळू सरकतात आणि मार्गही बदलतात, म्हणून मूळ विलंब अलीकडच्या काही मिनिटांतील नोंदींवरूनच ठरवला जातो.

गैरसमज : लेडबॅट कधीच कोणाच्या आड येत नाही.

वस्तुस्थिती : रांग १०० मिलिसेकंदांपर्यंत वाढू देण्याची मुभा असल्याने तेवढा जादा विलंब कॉलच्या वाट्यालाही येऊ शकतो. बफर इतका लहान असेल की रांग या लक्ष्यापर्यंत वाढूच शकत नाही, तर माघार घेण्याचा संकेत मिळत नाही आणि लेडबॅट टीसीपीच्या बरोबरीने क्षमता मागू लागते. रांग मुद्दाम आखूड ठेवणाऱ्या राउटरवरही हेच घडते. शिवाय दुसरा लेडबॅट-प्रवाह उशिरा सुरू झाला, तर पहिल्याने वाढवलेली रांग तो मार्गाचाच मूळ विलंब समजतो आणि तिच्यावर आपली रांग चढवतो. लक्ष्य ओलांडल्याचे पाहून पहिला प्रवाह मागे सरतो आणि नवागताला जवळजवळ सारी क्षमता मिळते. या उणिवा कमी करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेल्या ‘लेडबॅट प्लस प्लस’ या सुधारित पद्धतीत लक्ष्य ६० मिलिसेकंदांवर आणले असून प्रवाह ठरावीक काळाने मुद्दाम मंदावतो, जेणेकरून रांग ओसरून मूळ विलंब पुन्हा मोजता यावा. लेडबॅटची माघार सर्वस्वी या मोजमापावर अवलंबून असते. ते चुकले की कमी प्राधान्य केवळ नावापुरते उरते.