साल बोलते, ऐका!

बालदोस्तांनो, संत्र्याचं दोन-तीन वर्षांचं झाड पिवळं पडू लागलं, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "पाणी कमी पडतंय, घाल आणखी दोन बादल्या!" थांबा! आधी खाली वाका आणि जमिनीलगतचं खोड बघा.

सालीतून डिंक ओघळलाय? नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवट-पांढरं दिसलं, तर ती जिवंत. तपकिरी, कुजकट दिसलं, तर हा डिंक्या रोग! विदर्भातल्या संत्राबागांचा हा जुना वैरी. फायटोप्थोरा नावाची बुरशी हे करते. तिचे बीजाणू चक्क पोहतात! आळ्यात पाणी साचलं, की खोड गाठतात. म्हणजे आपण मायेने घातलेल्या बादल्या तिच्याच पथ्यावर! कूज खोडाला वेढा घालून भिडली, की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. मुळं उपाशी मरतात, मग झाडही.

वेळीच दिसलं, तर झाड वाचतं. कुजलेली साल बाबांकडून चाकूने खरवडून घ्या. त्यावर बोर्डो मलम: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद विषारी असतं, तुम्ही लांबच राहा. तुमचं काम दुहेरी आळ्याचं: खोडाभोवती मातीचा उंचवटा, पाणी त्याच्या बाहेर. मात्र डोळा बांधलेला जोड मातीत बुजवू नका हं!

डिंकाऐवजी भुशाची जाळी आणि भोक दिसलं, तर चोर वेगळा, साल खाणारी अळी. आणि साल ओरबाडलेली, वर दातांच्या खुणा? मग शेजारची शेळी कुठे बांधलीय ते बघा!