खाऱ्या पट्ट्यातलं गोडं पाणी

१३ एप्रिल १९३०. गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचललं त्याला आठवडा झाला होता. देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता, पण वऱ्हाडाला समुद्र कुठून असणार? अरबी समुद्र इथून शेकडो मैल दूर. सत्याग्रहींनी मग अकोला जिल्ह्यातलं दहीहांडा गाठलं. या भागातल्या विहिरींचं पाणी इतकं खारट की त्यातून मीठ निघतं, हे इथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. ‘रणदुंदुभी’चे नाटककार वीर वामनराव जोशी आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखी मंडळी पुढे होती. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाला त्या दिवशी अकरा वर्षं पूर्ण होत होती. विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार झालं, कायदा मोडला गेला. अमरावती जिल्ह्यातल्या भामोदलाही असाच सत्याग्रह झाला.

ज्या पाण्याने गावाची तहान भागत नव्हती, त्याच पाण्याने गावाला स्वातंत्र्याच्या लढ्यात उभं केलं. वऱ्हाडाविषयी वाचताना ही गोष्ट जवळ ठेवावी अशी आहे. इथली आशा, इथल्या आठवणी आणि इथली स्वातंत्र्याची ओढ वाईट बातम्यांपासून दूर कुठे नांदत नाहीत. त्या बातम्या ज्या मातीतून येतात, त्याच मातीत त्याही सापडतात.

या मातीला खारपाणपट्टा म्हणतात. सातपुड्यात उगम पावलेली पूर्णा नदी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांना हा पट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर ही त्यातली ओळखीची नावं. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचून तयार झालेल्या खोलगटात नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणून टाकला. गाळाचा थर खोल, पाण्याचा निचरा मंद आणि ऊन कडक. पाणी उडून जात राहिलं, क्षार मागे साचत राहिले. कधीकाळी इथे समुद्र होता, असं गावागावांत सांगतात. भूजलाचे अभ्यासक मात्र कारण सांगतात ते कोंडलेल्या पाण्याचं आणि बाष्पीभवनाचं.

वरून पाहिलं तर जमीन काळीभोर, खोल, कसदार. पावसावर ती मूग, तूर, कपाशी, हरभरा उत्तम पिकवते. पण विहीर किंवा बोअर घेऊन ओलीत करायला गेलं की घात होतो. खाऱ्या पाण्यातला सोडियम मातीचे कण एकमेकांपासून सोडवतो, सुटे कण मातीतली छिद्रं बुजवतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी ना खाली जातं ना मुळांना मिळतं. जमीन चोपण होते. म्हणजे पायाखाली पाणी आहे आणि ते पिकाला देता येत नाही. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचं कोरडवाहूपण असं दुहेरी आहे.

बातम्यांमधलं वऱ्हाड बहुतेकांना माहीत आहे. २००१ पासून सरकार शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवतं. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत ही नोंद २०,००० च्या पुढे गेली आहे. जुलै २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. त्यानंतरही कापसाचे भाव, बोंडअळी, अवकाळी पाऊस, आणि खारपाणपट्ट्यातल्या मूत्रपिंडाच्या आजारांच्या बातम्या येतच राहिल्या. अशा बातम्यांकडे पाठ फिरवावीशी वाटणं हे काही एकट्या वऱ्हाडचं नाही. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटने २०२४ मध्ये ४७ देशांत केलेल्या पाहणीत ३९ टक्के लोकांनी सांगितलं की आपण कधी कधी किंवा अनेकदा बातम्या मुद्दाम टाळतो. दूरच्या वाचकाला ती मुभा आहे. ज्याच्या शेजारच्या घरात ती बातमी घडली, त्याला पेपर मिटून चालत नाही. त्याला बातमीतूनच वाट काढावी लागते.

अशी वाट काढण्याचा या मातीला जुना सराव आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर वडील गेल्यावर मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला, पूर्णेकाठच्या आजोळी वाढला. मामाची जमीन कर्जापायी सावकाराच्या घशात गेली. त्या काळी गावकरी अशा वेळी मान खाली घालत. डेबूजीने शेताचा ताबा द्यायला ठाम नकार दिला. हाच डेबूजी १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडून निघाला आणि महाराष्ट्राचा गाडगेबाबा झाला. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बोकड कापू नका, भांडी विका पण पोराला शिकवा, ही त्यांची शिकवण कुठल्या ग्रंथातून आलेली नव्हती. मामाच्या गेलेल्या शेतातून ती आली होती. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला, तिथल्या पौषातल्या यात्रेत कीर्तनं केली आणि हाती खराटा घेतला. आत्महत्यांच्या बातम्यांत कर्ज हा शब्द आला की या भागात गाडगेबाबांचं नाव आजही निघतं, ते केवळ श्रद्धेने नाही. कर्जबाजारी घरातलाच एक मुलगा ताठ उभा राहिला होता, हे इथल्या माणसांना त्यातून आठवतं.

आठवणींचा विषय निघाला की खारपाणपट्ट्यात दुसरं नाव येतं ते शकुंतला या रेल्वेगाडीचं.

मूर्तिजापूर जंक्शनवरून नॅरोगेजचे दोन फाटे निघायचे: एक यवतमाळकडे, सुमारे ११३ किलोमीटरचा, आणि दुसरा अचलपूरकडे, सुमारे ७७ किलोमीटरचा. अचलपूरचा फाटा लाखपुरी, दर्यापूरचं बनोसा, अंजनगाव असा खारपाणपट्टा उभा कापत सातपुड्याच्या पायथ्याशी पोचायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मार्ग टाकला गेला तो कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढे, मुंबईला जाई आणि तिथून जहाजाने विलायतेला. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडवलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून इथे धावू लागलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत राहिलं. मग डिझेल आलं. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या. हा मार्ग मात्र मूळच्या ब्रिटिश किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेतल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि गाडी चालवायची सरकारने, अशी व्यवस्था करारावर चालू राहिली. ‘इंग्रजांची गाडी’ म्हणून तिची ओळख देशभर झाली ती त्यामुळे.

वऱ्हाडातल्या माणसांना मात्र ती कधीच इंग्रजांची वाटली नाही. ती गरिबांची गाडी होती. बसच्या तुलनेत तिकीट अगदी थोडं, वेग बैलगाडीहून जरा बरा, अचलपूरला पोचायला चारेक तास. भाजीच्या टोपल्या, शेळ्या, कॉलेजची पोरं, माहेराला निघालेल्या लेकी, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, सगळ्यांना त्यात जागा. ज्या बाईच्या हातात मजुरीचे मोजकेच पैसे असत, तिला कुणापुढे हात न पसरता तालुक्याच्या गावी जाऊन येता येई. शकुंतलेच्या आठवणीत वाफ, शिटी आणि हिरवी शेतं आहेतच. पण त्या आठवणीचा गाभा हा आहे. स्वस्तात फिरता येणं हे गरिबाचं मोठं स्वातंत्र्य होतं आणि ते गेलं.

म्हणूनच गाडी थांबल्यावर लोक नुसते हळहळले नाहीत. २०१६ मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली, टप्प्याटप्प्याने गाड्या बंद पडल्या, रुळांवर गवत माजलं. तेव्हापासून अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूरकडे निवेदनं, बैठका, आंदोलनं चालू आहेत. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले होते. गतकाळ मनापासून आठवणाऱ्या माणसांमध्ये भविष्याबद्दलची उमेद वाढते, असं त्यांना दिसलं. शकुंतलेसाठी अर्ज लिहिणाऱ्या माणसांकडे पाहिलं तर ते पटतं. त्यांना १९२३ सालची गाडी परत नको आहे. त्यांना त्या मार्गावर गाडी हवी आहे.

स्वातंत्र्याचा अर्थ मात्र इथे सगळ्यांचा एक नाही, आणि तो वाद ऐकण्यासारखा आहे. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने हजारावर शेतकरी जमले आणि तणनाशक सहन करणारं, पण सरकारने परवानगी न दिलेलं कपाशीचं बियाणं त्यांनी उघडपणे पेरलं. आम्ही काय पेरायचं हे आम्ही ठरवू, असा त्यांचा दावा होता. संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी रुजवलेल्या तंत्रज्ञान-स्वातंत्र्याच्या मागणीचाच हा पुढचा टप्पा. निंदणीची मजुरी परवडत नाही आणि वेळेवर मजूर मिळत नाहीत, हा त्यामागचा रोजचा जाच. दुसरीकडे अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर. बियाणं, खत, औषध यांतलं बाजारातून काहीच विकत घ्यायचं नाही, देशी गाईचं शेण-गोमूत्र आणि शेतातलाच पालापाचोळा यांवर शेती करायची, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्यांची पद्धत आंध्र प्रदेशापर्यंत गेली. एक म्हणतो, मला नवं तंत्र घेऊ द्या. दुसरा म्हणतो, मला दुकानातून मोकळं करा. दोघांच्याही दाव्यांची कसोटी शेतात आणि प्रयोगशाळेत लागायला हवी, आणि विनापरवाना बियाण्याच्या जोखमीबद्दलचे प्रश्न बिनमहत्त्वाचे नाहीत. पण हे दोन्ही आवाज एकाच कापूसपट्ट्यातून उठतात याला फार महत्त्व आहे. जिथला शेतकरी केवळ मदतीच्या यादीत दिसतो, तिथेच तो आपल्या शेतीचा निर्णय आपल्या हाती मागतो आहे.

पाण्याचंही तसंच. तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडजवळ सातपुड्यातून उतरणाऱ्या वान नदीवर धरण आहे आणि त्याचं पाणी गोडं. त्यावर उभ्या राहिलेल्या ८४ खेडी योजनेने खारपाणपट्ट्यातल्या अनेक घरांत पहिल्यांदा प्यायचं पाणी नळाने नेलं. बाळापूर भागातल्या ६९ गावांची योजना याच पाण्यावर आखली गेली आणि तिला स्थगिती मिळाली, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख गावकऱ्यांसह खारं पाणी घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले. नागपूरजवळ पोलिसांनी मोर्चा अडवला. दुसऱ्या बाजूला तेल्हारा-अकोटचे शेतकरी म्हणत होते की धरण ओलितासाठी बांधलं, ते पाणी वळवू नका. दोन्ही बाजू खऱ्या, कारण गोडं पाणी कमी आणि हक्कदार जास्त.

मग आशा कुठे? ती सध्या तरी आकाशातून पडणाऱ्या पाण्यात आहे आणि तिचा हिशेब मांडता येतो. या पट्ट्यात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. ७५० धरला तर एका हेक्टरवर ७५ लाख लिटर पाणी पडतं, आणि ते गोडं असतं. एरवी ज्या चिकण मातीमुळे शेतकरी हैराण, तीच माती शेततळ्याच्या कामी येते. पाणी फारसं झिरपत नाही, त्यामुळे प्लॅस्टिकचा कागद अंथरण्याचा खर्च अनेक ठिकाणी वाचतो. फक्त फार खोल खणायचं नाही, नाहीतर खालचं खारं पाणी वर येतं. तीस बाय तीस मीटरच्या, तीन मीटर खोल शेततळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे २० लाख लिटर पाणी मावतं. ऐन फुलोऱ्यात पावसाने दडी मारली की कपाशीला पन्नास मिलिमीटरचं एक संरक्षित ओलीत द्यायला हेक्टरी पाच लाख लिटर लागतं. उडून जाणारं पाणी वजा केलं तरी दोन-तीन हेक्टरचं पीक तगतं, आणि थंडीत हरभऱ्याला एखादं पाणी मिळालं तर दुसरं पीक हाती येतं.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं. खारपाणपट्ट्यातल्या जमिनींसाठी जिप्सम, हिरवळीची खतं, सरी-वरंबे आणि दुष्काळ सोसणाऱ्या देशी कपाशीचे वाण यांवर तिथे दीर्घकाळ काम झालं आहे. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली क्षारपड गावं, जवळपास हजार, मुद्दाम घेतली गेली. शेततळी, स्प्रिंकलर, बांधबंदिस्ती यांना अनुदान मिळालं. ज्यांच्या शेतात तळं झालं त्यांचा हंगाम आता एका पावसावर पूर्ण टांगलेला राहत नाही, हा फरक मोठा आहे. कर्ज बहुतेकदा बुडतं ते अशाच एका हुकलेल्या पावसाने.

शेततळ्याने सगळं सुटणार नाही, हेही खरं. ज्याच्या नावावर शेतच नाही त्या मजुराला तळ्याचं अनुदान मिळत नाही, आणि तळ्याचं पाणी कुणी पीत नाही. त्याच्या घरात गोडं पाणी यायचं तर ते वानसारख्या धरणाच्या पाइपातूनच यावं लागेल. म्हणून पट्ट्यातल्या गावांत एकाच वेळी दोन मागण्या चालू आहेत: शेताला तळं आणि घराला नळ. पहिली बरीचशी शेतकरी स्वतः करून घेतो आहे. दुसरी सरकारने पूर्ण करायची आहे.